जिचं टेबल तिचं माप

थोरलीने मला दोन शिक्षा केल्या. पहिली, ही गोष्ट लिहून काढायची आणि त्यात स्वतःला कुठेही पाठीशी घालायचं नाही. दुसरी शेवटी सांगते, कारण ती मला अजून पचलेली नाही.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. घरात ती थोरली, मी धाकटी. गिऱ्हाइकांसाठी ती गादीवाली. सोफे, खुर्च्या, बसच्या सीटा, दवाखान्यांतली तपासणीची टेबलं, माणूस जिथे म्हणून बूड टेकतो किंवा आडवा होतो ते सगळं तिच्याकडे फाटून येतं आणि नवं होऊन जातं. फोम कापणं, पट्टे ताणणं, रेक्झिन ओढून ठोकणं तिचं काम. कव्हरं शिवणं माझं. दुकान तिच्या वडिलांचं. ते गेल्यावर तिने दोन दिवस शटर खाली ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी तोंडात बारीक खिळे धरून कामाला बसली. तोंडात खिळे असल्यामुळे ती कमी बोलते. ऐकलेलं मात्र एक अक्षर विसरत नाही.

वडिलांचा एक नियम ती अजून पाळते. टेपने घेतलेलं माप अर्धं, माणसाने दिलेलं पुरं. ज्याची खुर्ची असेल त्याला तीत बसवल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. ज्याची खुर्ची त्याचं बूड, असं ते म्हणायचे. एका बड्या साहेबाने एकदा आपल्या जागी शिपायाला बसायला पाठवलं. शिपाई हाडकुळा निघाला आणि साहेब त्या खुर्चीत महिनाभर एका कुशीवर बसले. तेव्हापासून हा नियम कुणासाठी वाकला नाही.

आता मूळ गोष्ट. लग्नानंतर तीन वर्षं त्या दोघांचं जमलं नाही. जमलं नाही म्हणजे काय ते सरळ लिही, गुळमुळीत लिहू नकोस, अशी थोरलीची ताकीद आहे, म्हणून सरळ लिहिते. नवरा जवळ आला की तिचं खालचं अंग आवळून यायचं. प्रेम होतं, इच्छाही होती. पण ऐन वेळी तिथे भिंत उभी राहायची आणि कापल्यासारखी कळ यायची. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतात. शांत माणूस. त्यांनी कधी जबरदस्ती केली नाही. ती रडायला लागली की उठून दोघांसाठी चहा करायचे. असे किती चहा झाले असतील देव जाणे.

घरात मूल दिसेना तसं सासूबाईंच्या डोळ्यांत ती खुपायला लागली. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण सासूबाईंच्या ओळखीची. तिच्याकडे थोरलीला धाडलं आणि सोबत म्हणून मला.

ती खोली मला अजून दिसते. मधोमध हिरव्या रेक्झिनचं टेबल, कोपऱ्यावर चिकटपट्टी मारलेली, पाय अडकवायला दोन लोखंडी कमानी. डॉक्टरीण म्हणाली, "झोप. खाली सरक. अजून खाली." थोरली सरकली. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर रांगेत बायका बसल्या होत्या. एक कर्मचारी रजिस्टर न्यायला आला आणि कपाटापाशी रेंगाळला. थोरली म्हणाली, "दार लावता का?" डॉक्टरीण म्हणाली, "एवढं काय लाजायचं, सगळी माणसंच आहेत."

मग तिने ते लोखंडी हत्यार घेतलं. थोरलीच्या मांड्या मिटल्या. डॉक्टरणीने कोपराने त्या बाजूला केल्या. थोरली म्हणाली, "थांबा." पुन्हा म्हणाली, "थांबा." तिसऱ्यांदा ती ओरडली. मग डॉक्टरीण थांबली, हातमोजे काढून बादलीत फेकले आणि दाराकडे तोंड करून म्हणाली, "बोटभर तपासणी सोसत नाही. नवऱ्याचं काय होत असेल बिचाऱ्याचं. मूल काय आभाळातून पडणार आहे?"

रजिस्टरवाला हसला. आणि मीही हसले. का हसले ते मला सांगता येत नाही. घाबरले होते म्हणून असेल, डॉक्टरणीपुढे शहाणं दिसावं म्हणून असेल. थोरली म्हणते, कारण लिहू नकोस, हसलीस एवढंच लिही. तर हसले. पाय त्या कमानींत अडकलेले असताना तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरणीने केसपेपरवर लिहिलं: रुग्ण सहकार्य करत नाही. नाटकी स्वभाव.

मी तेवढ्यावर थांबले नाही. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं, आभाळाच्या विनोदासकट. सासूबाईंनी ते आपल्या बहिणीला सांगितलं, बहिणीने आणखी चौघींना. आठवडाभरात गिऱ्हाईक बायका दुकानात यायच्या, फोम दाबून बघायच्या आणि थोरलीकडे बघून एकमेकींना कोपर मारायच्या. ती खिळे तोंडात धरून ठोकत राहायची. माझ्याशी ती चार महिने फक्त सेंटिमीटरमध्ये बोलली.

डॉक्टरणीच्या हातून जे झालं नाही ते एका परक्या बाईने केलं. ती फिजिओथेरपी करणारी. व्यायामाच्या बाकाची गादी बदलायला दुकानात आली होती. थोरलीने तिला नियमाप्रमाणे बाकावर आडवं केलं आणि माप घेऊन ठोकायला बसली. ती बाई बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही श्वास धरून ठोकता. पोटापासून खाली सगळं ताठ. एरवीही असंच असतं का?"

थोरलीने हातोडी खाली ठेवली, तोंडातले खिळे एकेक करून तळहातावर काढले आणि म्हणाली, "धाकटे, शटर अर्धं ओढ." मला बाहेर घालवलं नाही. पण माझ्याकडे पाठ करून बसली.

त्या दिवशी त्या दुखण्याचं नाव कळलं. व्हॅजिनिस्मस. फिजिओबाई म्हणाली, "डोळ्यासमोर बोट आणलं की पापणी मिटते ना? तुम्ही मिटता का? नाही. तसंच आहे हे. नाटक नाही, हट्ट नाही. शिकवलं की ते अंग हळूहळू ऐकतं." थोरली रडली नाही. ती म्हणाली, "म्हणजे त्या बाईला हे माहीत असायला हवं होतं." फिजिओबाई म्हणाली, "हो, असायला हवं होतं." माझ्या मते थोरलीचा सूड त्या क्षणी जन्माला आला. मूल नंतर आलं.

पाच गुळगुळीत नळ्या मिळाल्या, एकीपेक्षा दुसरी थोडी जाड, पहिली करंगळीएवढी. श्वास सोडायचा, अंग सैल करायचं, मग नळी. घाई नाही, जबरदस्ती नाही, दुखलं की थांबायचं. घरात ते शक्य नव्हतं. सासूबाई दार न वाजवता आत यायच्या, तो त्यांना स्वतःच्या घराचा हक्क वाटायचा. म्हणून दुकानामागची फोमची खोली ठरली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की थोरली आत जाऊन कडी लावायची आणि मी बाहेर दाराशी मशीन चालवायची. मशीनच्या आवाजात आतलं काही ऐकू जाऊ नये म्हणून मी नसलेली शिवण घालायची. चिंध्यांवर सरळ रेघा, एकीशेजारी एक. चौदा महिने मी त्या दाराची राखण केली. तिने मला हे काम कधी सांगितलं नव्हतं. तिने मला ते बंद करायलाही सांगितलं नाही.

पहिली नळी सात आठवड्यांनी सोसली. त्या दिवशी ती बाहेर आली आणि म्हणाली, "चहा सांग." मी दोन सांगितले. दुसरी लवकर झाली. तिसरीला गाडी अडली. कधी जमायचं, कधी सगळं पुन्हा पहिल्यापासून. भाऊजींना तिने सगळं दाखवलं, समजावलं. रविवारी दुपारी सासूबाई बहिणीकडे गेल्या की दोघं घरात असायचे. काय करायचं ते थोरली ठरवायची, कुठे थांबायचं तेही तीच. ती सांगते की लग्नानंतर पहिल्यांदा तिला नवऱ्याच्या हाताची वाट बघावीशी वाटली.

मूल व्हायला किती लागतं याबद्दल लोकांची समजूत अवास्तव आहे. फिजिओबाईने नवऱ्याचं वीर्य बिनसुईच्या सिरिंजने आत कसं सोडायचं ते सांगितलं. एका रविवारी भाऊजींनी घड्याळ लावलं, थोरलीने उशी कमरेखाली घेतली, आणि दोघांना मध्येच इतकं हसू आलं म्हणे की पहिला प्रयत्न वाया गेला. या प्रयत्नांच्या चौथ्या महिन्यात दिवस राहिले. नळी तेव्हा तिसरीच होती.

सासूबाईंनी काय करावं? साऱ्या ओळखीपाळखीत सांगत सुटल्या, "आमच्या डॉक्टरबाईंचा हातगुण." मी ते ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरली मात्र नुसतं म्हणाली, "बोलू दे. त्यांची खुर्ची खचलीय ना?" सासूबाईंची आवडती खुर्ची खरंच खचली होती, आत बसलं की गुडघे हनुवटीला. थोरलीने गावातल्या सगळ्या खुर्च्या नव्या केल्या, तेवढी एक केली नाही. सासूबाईंनी विचारलं की म्हणायची, "माप घ्यायला सवड नाही हो." आज त्या खुर्चीतून उठायला त्यांना दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक मी नसते.

पाचव्या महिन्यात मोठ्या दवाखान्यात नाव घालायला गेलो. बाळंतपणं तिथेच होतात, आणि आरोग्य केंद्राचा केसपेपर तिकडे जातो. टेबलामागच्या नर्सने तो उघडला आणि वाचला. मग मोठ्याने वाचला. "सहकार्य करत नाही. नाटकी स्वभाव." शेजारच्या डॉक्टरने मान वर केली. तरुण होता, झोप न झालेला. तो म्हणाला, "बाई, बाळंतपणात नखरे चालत नाहीत. दर थोड्या वेळाने आतून तपासावं लागतं. गरज पडली तर पाय धरायला माणसं लावू." आणि त्या ओळीखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या.

थोरली बाहेर येऊन पायरीवर बसली. मी म्हणाले, "ताई, आपण फिजिओबाईंचं पत्र आणू." ती म्हणाली, "आणू. पण हे लोक पत्र वाचत नाहीत, ओळ वाचतात. ती ओळ जिने लिहिली तिच्याच हाताने बदलून घेईन. मग बाळंत होईन." सूड सूड म्हणतात तो हाच. पोटात मूल होतं, तारीख जवळ येत होती, आणि तिच्या पायांवर अनोळखी हात पडणार की नाही हे त्या एका ओळीवर होतं.

कसं बदलणार, मला कळत नव्हतं. पण कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येतेच. सातव्या महिन्यात आरोग्य केंद्रातून माणूस आला. तपासणीच्या टेबलाचं रेक्झिन पार फाटलंय, वरून तपासणी पथक यायचंय, टेबल आठवड्यात नवं पाहिजे. थोरली खिळे तोंडात धरून होती. तिने ते काढले आणि म्हणाली, "उद्या माप घ्यायला येते."

सकाळी गेलो. तेच टेबल, तीच चिकटपट्टी. बाकावर रांगेत आठदहा बायका. डॉक्टरणीने थोरलीच्या पोटाकडे बघितलं. "कितवा?"

"सातवा."

"आमच्याकडे नाव नाही घातलंस?"

"घातलं होतं," थोरली म्हणाली. डॉक्टरणीला काही आठवलं नाही. ज्या वाक्याने एका बाईचं गावभर हसं झालं ते तिच्या लक्षातही नव्हतं. हसलेलं नाही, लिहिलेलं नाही, काहीच नाही. माझ्या हातात टेपची पिशवी होती, ती मी घट्ट धरून ठेवली.

"झोपा," थोरली म्हणाली.

"कोण? मी?"

"जिचं टेबल तिचं माप. आमच्या दुकानाचा नियम आहे."

"अगं, टेबल पेशंटसाठी आहे. हिला झोपव." बोट माझ्याकडे.

"पेशंट येतात नि जातात. टेबल तुमच्या ताब्यात आहे. कंबर कुठे टेकते, खड्डा कुठे पडतो, कड कुठे रुतते, हे आडवं झाल्याशिवाय कळत नाही. तुम्ही कधी झोपलायत यावर?"

ती झोपली नव्हती. अठरा वर्षं त्या खोलीत काम करून एकदाही नाही. पथकाची घाई होती, म्हणून कुरकुरत चपला काढल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी आडवी झाली.

"पाय वर. कमानींत. खाली सरका," थोरली म्हणाली. "अजून खाली. अजून. बूड कडेला आलं पाहिजे. आता सैल सोडा."

"लवकर उरक."

"टेप विसरले," थोरली म्हणाली आणि दार सताड उघडं टाकून बाहेर गेली. टेप माझ्या हातातल्या पिशवीत होती. मला कळलं की आता माझं काम आहे.

बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. डॉक्टरणीने डोकं उचललं. "अगं, दार लाव की."

मी दाराशी उभी होते. हात पुढे केला असता तर लागलं असतं. मी म्हणाले, "एवढं काय लाजायचं, सगळी माणसंच आहेत."

रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू मी ओळखलं. अगदी तसंच, नाकातून सुटलेलं, भित्रं. इतका वेळ मला गोड लागत होतं ते सगळं त्या आवाजाने एकदम कडू झालं. तरी मी दार लावलं नाही. सूड घ्यायला आल्यावर मध्येच चांगलं होणं मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही त्याचा पश्चात्ताप नाही.

थोरली आली. तिने स्वतः दार लावलं, कडी घातली. टेबलापाशी जाऊन बघितलं. डॉक्टरणीचे गुडघे एकमेकांना घट्ट चिकटले होते, मांड्यांचे स्नायू कपड्यावरून दिसत होते. थोरलीने तिला बोटही लावलं नाही.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत?" तिने विचारलं.

"काय?"

"पाय मिटलेत तुमचे."

डॉक्टरणीने खाली बघितलं. "दार उघडं होतं."

"माझंही उघडंच होतं," थोरली म्हणाली. "तुम्हाला कुणी हातही लावला नाही. मी तीनदा थांबा म्हणाले होते."

मग आठवलं तिला. चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती उठून बसली, चपला शोधायला लागली. थोरलीने हवं ते सांगितलं. ती ओळ बदलायची.

"रेकॉर्डमध्ये खाडाखोड करता येत नाही."

"खोडू नका. खाली लिहा."

"तू माझ्या टेबलाचं काम करायला आलीयस," डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज परत जागेवर आला होता. "ते कर."

"करते," थोरली म्हणाली. पिशवीतून पातं काढलं आणि हिरवं रेक्झिन उशापासून पायापर्यंत एका दमात चिरलं. फोम उपसला, पट्टे कापले. पंधरा मिनिटांत टेबलाची नुसती लाकडी फळी उरली. गादी आम्ही हातगाडीवर घातली. जाताना ती म्हणाली, "ओळ मिळाली की गादी मिळेल."

पहिल्या दिवशी डॉक्टरणीचा माणूस दुसऱ्या गादीवाल्याकडे गेला. तो थोरलीच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. त्याने विचारलं, "आधी कोणी उसवलं?" नाव ऐकून मान हलवली. एकाने उसवलेल्या कामाला दुसरा हात लावत नाही, हा आमच्या धंद्यातला रिवाज आहे, आणि वाद असेल तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी तोच रजिस्टरवाला दमदाटी करायला आला. थोरलीने त्याला स्टुलावर बसवलं आणि स्टुलाचा पाय मोडका आहे हे सांगायला विसरली.

तिसऱ्या दिवशी मीच ढेपाळले. म्हणाले, "ताई, बायका तपासणीशिवाय परत जात असतील." ती फोम कापता कापता म्हणाली, "ज्या खरंच नडल्या असतील त्यांना मोठा दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. बाकीच्या चार दिवस त्या बाईच्या हातून सुटल्या. पुण्य समज."

पाचव्या दिवशी डॉक्टरीण स्वतः आली. पथक दुसऱ्या दिवशी येणार होतं. हातात मोठ्या दवाखान्यातून परत मागवलेला केसपेपर. दुकानात बसायला तिला कुणी सांगितलं नाही. काउंटरवर उभ्या उभ्या तिने पेन काढलं. थोरलीने सांगितलं, तिने मात्र आपल्या मनाचं लिहिलं. "वरील नोंद अपुरी आहे."

"चुकीची," थोरली म्हणाली.

"अपुरी म्हटलं तरी तेच होतं."

"मग गादीही अपुरी देते. चालेल?"

डॉक्टरणीने नवी ओळ घेतली. वरील नोंद चुकीची आहे. या बाईंना व्हॅजिनिस्मस आहे. स्नायू आपोआप आवळतात. विचारल्याशिवाय हात लावू नये. थांबा म्हटलं की थांबावं. खाली सही, तारीख, शिक्का. माफी मागितली नाही. थोरलीलाही ती नको होती. माफी दवाखान्यात कुणी वाचत नाही.

गादी मात्र तिने अशी केली की हात फिरवत राहावं. कंबरेखाली मऊ थर, कडेला गोल वळण, दोन्ही बाजूंना धरायला शिवलेले पट्टे, मीच शिवले. मी म्हणाले, "हिच्यासाठी एवढं?" थोरली म्हणाली, "ती कुठे झोपते त्यावर."

आता दुसरी शिक्षा.

कळा पहाटे सुरू झाल्या, ऊन वर येईतो आम्ही मोठ्या दवाखान्यात होतो. मी सगळं पाठ केलं होतं. श्वास किती मोजायचा, कंबर कुठे दाबायची, कोणत्या शब्दाने ती सैल होते. चौदा महिने दाराबाहेर बसून मला तिचा श्वास ओळखू यायला लागला होता. आत एकच माणूस चालेल, नर्स म्हणाली. मी पिशवी उचलली.

थोरली भाऊजींकडे बोट करून म्हणाली, "हे येतील."

"आणि मी?" मी विचारलं.

तिला कळ आली. ती ओसरेपर्यंत मी उभी राहिले. मग तिने माझ्याकडे पाहिलं, त्या टेबलावरून पाहिलं होतं तसंच. "तू बाहेर. तेव्हा तू आत होतीस ना."

दार लागलं. मी समोरच्या बाकावर बसले आणि माझ्या आयुष्यात मला इतका राग कुणाचा आला नव्हता. ओळ मिळवायला मी होते, राखण करायला मी होते. चार मिनिटांच्या हसण्यासाठी, आणि ती चार मिनिटंही नव्हती. असं बराच वेळ स्वतःशी भांडले. भांडून भांडून शेवटी तिथेच आले, की ती हसण्याची वेळ मोजतच नव्हती. मी तिथे होते आणि मी दार लावलं नाही, एवढंच तिला माहीत होतं.

आतून आवाज येत होते. नर्सचा आवाज, "तपासू का?" मग थोरलीचा, "थांबा." आणि मग खरोखर काही नाही. शांतता. कुणी पाय धरले नाहीत, कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने थोरलीचाच आवाज, "हं. आता." असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. एकदा ती फार ओरडली आणि मी बाकावरून उठले.

तेवढ्यात एक कर्मचारी आला, बगलेत रजिस्टर. सरळ दाराच्या मुठीला हात घातला. मी मध्ये उभी राहिले.

"सही पाहिजे," तो म्हणाला.

"नंतर या."

"अहो, मी रोज जातो आत. एवढं काय त्यात?"

"नंतर या म्हटलं ना," मी म्हणाले. माझा चेहरा कसा झाला होता मला माहीत नाही, पण तो दोन पावलं मागे सरला आणि निघून गेला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. पाठीला आतला प्रत्येक आवाज लागत होता.

मुलगी झाली. तिचं रडणं आधी दारातून आणि मग माझ्या पाठीतून आलं. इथे लिहिलं पाहिजे की बाळंतपणाने दुखणं पळून गेलं नाही. चौथी नळी अजून चालू आहे, पाचवी पेटीत आहे. त्यांचं त्यांना कळतं कधी काय. आणि सासूबाई नात बघायला आल्या तेव्हा थोरलीने त्यांना आधी दार वाजवायला लावलं, दोनदा.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी दार बराच वेळ बंदच होतं. टाके घातले, पुसलं, बदललं, सगळं आवरलं. मग भाऊजींनी दार किलकिलं केलं आणि बाजूला झाले. आत पडदा ओढलेला, त्यामागे ती. मी उंबऱ्याशीच थांबले. आत जाऊ का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि न विचारता जायची तर मुळीच नाही.

"आत येऊ का, ताई?" मी शेवटी म्हणाले.



"ये," ती म्हणाली. "दार लावून घे."